डावरीच्या कमानी

सासू आपल्या घरात नको म्हणून भांडणाऱ्या जावा गल्लोगल्ली सापडतील. पण सासू आपल्याकडेच राहिली पाहिजे म्हणून एकीनं दुसरीवर जळून कोळसा व्हावं, आणि तेही अशा सासूसाठी की जिनं तिला जन्मात धड नावानं हाक मारली नाही, हे कुठं ऐकलंय का? नाही ना? मग ऐका.

थोरल्या जावेला सगळे डावरी म्हणायचे. हे नाव सासूबाईंचंच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं डाव्या हातात खराटा धरला, तशा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, उजवा हात काय माहेरी विसरून आलीस? झालं. तेव्हापासून घरात, गल्लीत, वाण्याच्या दुकानात ती डावरी. पुढं पुढं तर तिची तिलाच सवय झाली. कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघायची, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

घरं दोन, अंगण एक. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी दोन बुटकी घरं शेजारीशेजारी बांधली, दोघांना मिळून एक फाटक ठेवलं, आणि मधोमध जे दांडगं झाड होतं ते तोडलं नाही. झाडाच्या बुंध्यापासून फाटकापर्यंत विटांची एक ओळ पुरली, तेवढीच काय ती वाटणी. अलीकडचं अंगण थोरलीचं, पलीकडचं धाकटीचं. पानं मात्र विटा बघून पडत नाहीत.

डावरीची झाडायची रीत न्यारी होती. ती पुढं पुढं झाडत जात नसे. घराच्या पायरीपाशी सुरुवात करायची आणि खराटा मारत मागे मागे सरकत फाटकापर्यंत यायची, म्हणजे झाडलेल्या मातीवर आपलंच पाऊल उमटायला नको. मग मागे उरायच्या त्या कमानी. अंगणभर, एकीला एक चिकटून, बारीक रेघांच्या कमानी. येणारा जाणारा फाटकाशी थबकायचा आणि आत पाय टाकायला कचरायचा. फक्त सासूबाई नाक मुरडायच्या. म्हणायच्या, "कमानी बऱ्या आहेत, पण उलट्या. चारचौघींच्या कमानी घराकडे झुकतात, तुझ्या फाटकाकडे. पळून जायचा बेत आहे काय?" डावरी म्हणायची, गेले तरी तुम्ही शोधत याल, तिथंही छळाल. आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

तिचं बाकी आयुष्य म्हणाल तर इस्त्री. लाँड्रीत उभं राहून परक्या माणसांच्या सदऱ्यांच्या कॉलरी ताठ करण्यात तिची सगळी उमर गेली. इस्त्रीची वायर उजव्या हाताच्या माणसासाठी टांगलेली, त्यामुळे ती दिवसभर हिच्या मानेवरून घासायची. नवरा ट्रक चालवायचा. तो एका साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. मूल नव्हतं. उरल्या सासूबाई. त्या थोरल्याकडेच राहायच्या, पहिल्यापासून. सकाळी उठल्यापासून दोघींची जी जुंपायची ती दिवे मालवेपर्यंत. चहा पाणचट का, दार उघडं का, खोकतेस किती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बिचारी डावरी, कसे दिवस काढते. डावरीही मान हलवून म्हणायची, काय सांगू, भोग आहेत.

आणि पलीकडे धाकटी. काय नव्हतं तिच्याकडे? बँकेत खुर्चीवर बसायची नोकरी. मुलगा, मुलगी, दोघंही शिकून मार्गी लागलेली. चकचकीत फरशीची न्हाणी, पायरी नाही की उंबरा नाही. आणि नवरा. तो नुसता जिवंत होता एवढंच नाही, पावसाची चिन्हं दिसली की छत्री घेऊन बसस्टॉपवर तिची वाट बघत उभा राहायचा. एका छत्रीतून दोघं येताना डावरी खिडकीतून बघायची, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती काही वाईट बाई नव्हती, बरं का. धाकटीचं वाटोळं व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. फक्त एकदा तरी त्या छत्रीला भोक पडावं, एवढंच वाटायचं.

एका गोष्टीत मात्र धाकटी तिच्या पासंगाला पुरत नव्हती. अंगण. सुटीच्या दिवशी धाकटी खराटा घ्यायची आणि अशी काही झोडायची की अर्धी धूळ घरात आणि अर्धी पानं जागच्या जागी. वर म्हणायची, आमच्या बाजूची जमीनच उंचसखल आहे. डावरी विटांच्या अलीकडून हळूच पुटपुटायची, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे.

आणि मग तिचा खांदा धरला. डावा. आधी केस विंचरताना कळ यायची, मग दोरीवर कपडे टाकताना, मग हात खांद्याच्या वर जाईचना. इतक्या वर्षांच्या इस्त्रीनं आपलं काय ते वसूल केलं. पण डावरीनं कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं असतं तर धाकटी म्हणाली असती, अगं बाई, वहिनी, आता तुमच्यानं आईंचं होणार नाही. नेमकी त्याच सुमाराला पानगळ सुरू झाली. डावरी उजव्या हातानं जमेल तेवढं लोटायची, बाकीचं उद्यावर टाकायची. उद्याची पानं आजच्या पानांवर पडायची. खालची कुजली, निसरडी झाली, आणि एके सकाळी सासूबाई काठी टेकत झाडाकडे निघाल्या त्या घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात सळई घातली. डावरी रोज डबा घेऊन जायची, रोज बोलणी खायची, आणि रोज परत येताना बसमध्ये तोंड फिरवून रडायची. सासूबाई ज्या पानांवरून पडल्या ती तिच्या बाजूची होती. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, पण धाकटी जे बोलली ते त्याहून झोंबलं. पलंगाशी उभी राहून, गोड आवाजात, ती म्हणाली की आईंना आता आपण आमच्याकडेच आणू. आमची न्हाणी सपाट आहे. डॉक्टरांनी रोज अंगणात चालायला सांगितलंय, आणि आमच्या अंगणासाठी मी माणसं लावली आहेत. एक पान दिसायचं नाही.

डावरीनं डब्याचं झाकण दाणकन लावलं. सगळं आहे हिच्याकडे, आता सासूही हवी? माझ्या घरात उरलंय कोण दुसरं? संध्याकाळी कडी लावल्यावर मी भांडू कुणाशी, भिंतींशी? पण हे ती बोलली नाही. सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाल्या, "मला आत्ताच वाटून घेऊ नका. घरी येते, दोन्ही अंगणं बघते, आणि जिथं पाय घसरणार नाही तिथं राहते."

म्हणजे आता सगळं अंगणावर आलं.

धाकटीनं लावलेली माणसं डावरीनं आपल्या खिडकीतून पाहिली. पानं काढणं, वाढलेल्या फांद्या छाटणं, पन्हाळीतला गाळ उपसणं, हाच त्यांचा धंदा. लांबची नव्हती, मागच्याच रस्त्यावरची. एक उंचनिंच मुकादमीण, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आणि तिचे दोन दीर. एक टेम्पो, दोन ताडपत्र्या, लांब दांड्याची दाताळी, आणि पाठीवर बांधायचा ब्लोअर. ब्लोअर सुरू झाला की पानं घाबरलेल्या कोंबड्यांसारखी पुढं पळायची. दीर ताडपत्री पसरून ती अलगद गोळा करायचे, चार कोपरे धरून टेम्पोत ओतायचे. आणि धाकटी? पायरीवर कप हातात घेऊन उभी, बोटानं दाखवत, तिथं राहिलं बघा, कोपऱ्यात बघा. डावरी खिडकीत धुमसत होती. बोट दाखवणं म्हणजे अंगण झाडणं का? मग मीही आजवर बोटंच दाखवली असती. तिनं पलीकडचं अंगण डोळ्यांत तेल घालून तपासलं. नळापाशी एक पान चिकटलेलं सापडलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

वाऱ्यानं पाच-सहा पानं विटा ओलांडून अलीकडे आली. डावरीला निमित्तच हवं होतं. ती तरातरा बाहेर गेली आणि मुकादमिणीला म्हणाली, तुमची पानं तुमच्याकडे ठेवा. मुकादमिणीनं मशीन बंद करायला लावलं, वाकून ती पानं हातानं वेचली, आणि जाताना डावरीच्या अंगणाकडे एकदा बघितलं. घोटाभर पानं साचली होती तिथं. बाई एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

सासूबाई यायच्या आदल्या दिवशी डावरीनं काय करावं? धाकटी बँकेत गेली, भाऊजी हॉस्पिटलात गेले, आणि ही चपला अडकवून थेट मागच्या रस्त्यावर त्याच मुकादमिणीच्या दारात. अटी तीन. टेम्पो मागच्या बोळात लावायचा. ब्लोअर वाजवायचा नाही, सगळं दाताळ्यानं आणि हातानं. आणि कुणाला, विशेषतः धाकटीला, यातलं काही कळता कामा नये. मुकादमीण म्हणाली, मावशी, लपवायला आम्ही काय चोरी करतो? पण डावरीचं तोंड बघून तिनं पुढं विचारलं नाही.

मंडळींनी दुपारभर राबून अंगण काढलं. कुजकी पानं खरवडून काढली, खालची माती सारखी केली, पायरीशेजारचं शेवाळसुद्धा घासलं. सगळं लख्ख झालं. डावरीनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. अंगण स्वच्छ होतं, पण तिचं नव्हतं. एखाद्या ऑफिससमोरच्या जागेसारखं दिसत होतं. सासूबाई फाटकातूनच ओळखतील की हे हिचं काम नाही. मग ती मुकादमिणीला म्हणाली, आता शेवटचा हात फिरवायचा राहिला. यावर कमानी काढायच्या.

कसल्या कमानी? मुकादमिणीला काही कळेना. मग डावरीनं खराटा उचलला. डावा हात वर जाईना म्हणून उजव्यात धरला, आणि मागे मागे सरकत चार-पाच कमानी काढून दाखवल्या. मुकादमीण बघतच राहिली. तिनं खराटा घेतला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिला लय सापडली. मग जी सुटली ती मागे सरकत सरकत थेट फाटकापर्यंत. घाम पुसत तिनं मागे बघितलं आणि हसली. म्हणाली, इतकी वर्षं पानं काढते, पण काढल्यावर असं काही ठेवून जायचं मला सुचलं नव्हतं. डावरीच्या मनाला काहीतरी खटकत होतं. काय ते सापडेना. दुसऱ्याचा हात आहे, थोडं इकडंतिकडं होणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पैसे देऊन त्यांना बोळातून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार उघडून बाहेर आली आणि पायरीवरच थिजली.

विटांच्या पलीकडे, धाकटीच्या अंगणात, कमानी होत्या. एकीला एक चिकटून, पार फाटकापर्यंत. रात्रीत पडलेली पानं काढायला मुकादमीण पहाटेच येऊन गेली होती, ठरल्याप्रमाणे. आणि नवी विद्या शिकलेली बाई ती, गप्प कशी बसेल? कौतुकानं वापरून मोकळी झाली. धाकटी कडेकडेनं, पाय उचलून टाकत फिरत होती, कमानी मोडू नयेत म्हणून. डावरीला बघून म्हणाली, वहिनी, बघा ना, अगदी तुमच्यासारखं झालंय. डावरीच्या मस्तकाची शीर उडायला लागली. आयुष्यात एक गोष्ट होती आपल्याकडे, हिला न मिळालेली, आणि तीही आपणच पैसे मोजून हिच्या दारात नेऊन टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि बोलायची सोय नाही. बोललं की आपलं बिंग फुटणार.

तेवढ्यात गाडी आली. भाऊजींनी सासूबाईंना उतरवून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची फाटकात उभी केली. अलीकडे एक अंगण, पलीकडे एक अंगण, दोन्हीकडे कमानी. म्हातारी किती तरी वेळ नुसती बघत बसली. धाकटी साडीच्या पदराशी चाळा करत होती.

सासूबाईंनी डावरीला जवळ बोलावलं. तिचा डावा हात धरला आणि एकदम वर उचलला. डावरी कळवळून ओरडली.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही पडायच्या आधीपासून," डावरी म्हणाली. आता लपवून उपयोग नव्हता.

"मला वाटलंच. इकडच्या कमानी घराकडे, तिकडच्याही घराकडे. दोन्ही अंगणं उजव्या हाताची. माझी डावरी कुठं गेली म्हणून बघत होते मी."

काय खटकत होतं ते डावरीला तेव्हा कळलं. कमानी उलट्या नव्हत्या. तिचे डोळे भरून आले, आणि क्षणभर तिला वाटलं, जिंकले. इतकं ओळखणारी बाई आता दुसऱ्या कुणाकडे जाते कशाला? पण सासूबाईंनी तिचा हात सोडला आणि भाऊजींना म्हणाल्या, "मला धाकटीकडे ने. हिच्याच्यानं स्वतःचा हात उचलत नाही, मला काय उचलणार?"

खुर्ची पलीकडच्या कमानींवरून दोन चाकोऱ्या पाडत गेली. डावरी फाटकात उभी राहून बघत होती. सपाट न्हाणी, नवरा, छत्री, मुलं, कमानी, आणि आता सासू. एकेक करून सगळं त्या घरात गेलं. त्या दिवशी तिनं चहा केला तो सवयीनं दोन कप, आणि दुसरा कप रागानं मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी ती उजव्या हातात खराटा घेऊन उगाच पायरी झाडत होती. तेवढ्यात धाकटीच्या पुढच्या खोलीची खिडकी उघडली आणि आतून ओळखीचा आवाज आला. "डावरे, त्या झाडाखाली ढीग पडलाय तो दिसत नाही? डोळेही डावेच का तुझे?"

डावरीच्या अंगात जीव आला. ती म्हणाली, हात धरलाय माझा, ठाऊक आहे ना? आतून उत्तर आलं की जीभ तर धरली नाही ना, आणि औषध चोळून घ्यायला कधी जाणार आहेस? शब्दाला शब्द वाढत गेला. विटांच्या दोन्ही बाजूंना आवाज चढले. गल्लीत चाललेली एक बाई हसून पुढं गेली.

या गडबडीत धाकटी बाहेर आली. गोळ्यांची वाटी तिच्या हातात तशीच होती. ती विटांपाशी येऊन उभी राहिली, डावरीकडे न बघता.

"मला त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, वहिनी," ती म्हणाली. "काल माझ्या हातून त्यांच्या अंगावर अख्खा तांब्या सांडला. म्हणाल्या, असू दे बाळ. पाहुण्यांशी बोलतात ना, तसं. इतकी वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची भांडणं ऐकते. वाटायचं, एकदा तरी मला कुणी असं घरातलं समजून बोलावं."

डावरीनं तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ओठ आवळलेले, नजर खिडकीवर खिळलेली. हा चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. छत्रीकडे बघताना तिचा स्वतःचा असाच होत असणार. खोटं कशाला सांगायचं, आधी तिला बरंच वाटलं. पोटभर बरं वाटलं. ही, एवढी बँकवाली, आपल्यावर जळते! मग ते बरं वाटणं ओसरलं आणि तिला धाकटीची कीव आली. तिनं खराटा विटांवरून पलीकडे केला.

"घे. झाडाखालचं झाड. फार वेळ लागायचा नाही."

धाकटीनं वाटी पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि नेहमीसारखी झोडायला लागली. धूळ उठली. झाडलेल्या मातीवर ती स्वतःच पाय देत चालली होती. खिडकी पुन्हा करकरली.

"अगं ए, झाडतेस की उधळतेस? बँकेतही असाच कारभार करतेस का? हत्ती नाचून गेल्यासारखं केलंस अंगण. आईनं काही शिकवलं होतं की नाही?"

धाकटी खराटा धरून उभीच राहिली. आधी गोरीमोरी झाली, आणि मग तिचा चेहरा असा काही उजळला की वयानं निम्मी वाटायला लागली. ती खिडकीकडे वळून म्हणाली, जमीनच उंचसखल आहे, आई. त्यावर आतून आणखी एक सणसणीत उत्तर आलं, आणि त्यालाही तिनं उत्तर दिलं, अडखळत, पण दिलं.

डावरी ऐकत होती. हसत होती. आणि हसता हसता तिच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला, छत्री बघताना व्हायचा त्याहून जास्त. ती विटा ओलांडून पलीकडे गेली.

"पुरे झालं आजच्यापुरतं," ती म्हणाली आणि धाकटीच्या हातातून खराटा काढून घेतला.